मदत हवी आहे: काकांना आलेला वास पोस्टरवर कसा मांडू?

नमस्कार मंडळी,

मी निफाड तालुक्यातली, कृषी पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षाला आहे. उन्हाळ कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात) किती आणि कशाने खराब होतो, हा माझा विषय. त्यावरचं पोस्टर ट्रॉपेनटागसाठी निवडलं गेलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उष्ण कटिबंधातल्या शेतीवरची ही परिषद दर सप्टेंबरात युरोपातल्या एखाद्या विद्यापीठात भरते. २०२२ला प्राग, २०२४ला व्हिएन्ना, २०२५ला बॉन. माझ्यासारखे विद्यार्थी आणि मुरलेले संशोधक तिथे एकत्र असतात. व्हिसा-तिकिटाचं मार्गी लागलंय, अडचण वेगळीच आहे.

गेल्या हंगामात गावातल्या सहा चाळींत ढिगाच्या तळाशी, मध्ये आणि वर जाळीच्या पिशव्या ठेवल्या. दर पंधरा दिवसांनी वजन केलं. सड, काजळी (काळी बुरशी), कोंब वेगवेगळे मोजले. यातली एक चाळ माझ्या काकांची. ते रोज पहाटे चाळीला फेरी मारतात. खालच्या फटीपाशी उकिडवे बसतात, कामट्यांमधून हात आत घालतात आणि तो नाकाशी नेतात. ऑगस्टात एका सकाळी म्हणाले, "डाव्या कोपऱ्यात उबट येतंय, आजच फोडू." माझ्या वजनाला अजून सहा दिवस होते. कोपरा मोकळा केला तर तळाचे कांदे पाणी सुटून बसलेले. ते काढले, जागा वाळू दिली, बाकी चाळ वाचली.

आता तक्त्यात काकांच्या चाळीची सड कमी दिसते. श्रेय कशाला जातंय? वायुवीजनाला. कारण तक्त्यात रकाने तेवढेच आहेत.

सर म्हणतात, वास हे मोजमाप नाही, पोस्टरवर नको. त्यांचं मी समजू शकते, पण हे गाळलं तर पोस्टर अपुरं नाही, चुकीचं होईल असं मला मनापासून वाटतं. काय करू?

आणखी एक. "शीतगृह का नाही?" हे तिथे नक्की विचारतील. कांद्याला कोंब सगळ्यात लवकर फुटतात ते साधारण १० ते २० अंशांत. शून्याच्या जवळ ते दबतात, तसे २५ ते ३० अंशांतही दबतात. आपली चाळ या दुसऱ्या टोकावर चालते. एवढं उत्तर पुरेल का?

प्रतिसाद – शिवारफेरी

ताई, मी प्रागला पोस्टर घेऊन गेलो होतो. माझ्यापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबल्या त्या नायजरच्या एक बाई. त्यांच्याकडे गाल्मीचा जांभळा कांदा, तोही आपल्यासारखाच लहान दिवसांचा (दिवस लहान असतानाही गड्डा धरणारा) आणि उष्ण हवेत साठवायचा. त्यांना तक्ता नको होता; शेतकरी चाळ कधी फोडतो आणि ते कशावरून ठरवतो, हे हवं होतं. तेव्हा काकांना गाळू नका.

पण सरांचं म्हणणंही खोडू नका, त्याला उत्तर द्या. यंदाची चाळ भरलेलीच असेल. काकांनी रोज सकाळी वहीत लिहायचं: कुठला कोपरा, वास आहे की नाही. ती वही तुम्ही वजन होईपर्यंत उघडायची नाही. मग दोन्ही शेजारी मांडा. त्यांचा अंदाज चुकला ते दिवससुद्धा दाखवा, त्यावरच लोक विश्वास ठेवतील. गेल्या वर्षीचा प्रसंग निरीक्षण म्हणून वेगळ्या चौकटीत, काकांची परवानगी घेऊन.

शीतगृहाचं उत्तर बरोबर आहे. फक्त बाहेर काढल्यावर थंड कांद्याला पाणी सुटतं आणि कोंब धावतात, तेही जोडा.

प्रतिसाद – चांदवडकर

मी शेतकरी आहे, वीस वर्षं चाळ भरतोय. एक लक्षात घ्या पोरी, वास फक्त सडीला येतो. काजळी डोळ्यांनीच बघावी लागते, कोंबाला वास नाही, आणि वाळून वजन घटतं ते तर नाकाला कधीच कळत नाही. त्यामुळे काकांच्या वहीशी सगळी नासाडी जोडू नकोस, फक्त सडीचा रकाना जोड. नाहीतर त्यांचं खरं असूनही तुझ्या कागदावर ते खोटं ठरेल.

धागाकर्ती

चांदवडकर काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी एकूण घटीशी जुळवून पाहत होते आणि काही जुळत नाही म्हणून खचले होते. आजच फक्त सड वेगळी काढली. शिवारफेरी दादा, वही कालपासून सुरू केली. काका आधी हसले, मग विचारलं, "उबट आणि आंबूस वेगळं लिहू का?" त्यांच्या मते आधी उबट येतं, तेव्हा नुसती ओल धरलेली असते आणि कोपरा मोकळा केला की कांदा वाचतो. आंबूस आलं म्हणजे सड लागली. मी गेल्या वर्षी दोन्हीला "वास" एवढंच लिहिलं होतं. आता दोन रकाने केलेत.

उबट आणि आंबूस यांतला फरक परक्या माणसाला दोन ओळींत कसा सांगाल? कुणी प्रयत्न केला असेल तर जरूर लिहा, पोस्टर पुढच्या आठवड्यात छपाईला जातंय.