चेस्ट गार्ड घ्यायचाय, पण बरगड्यांचं काय? (सांगली-सातारा ऑफरोड)

कृष्णाकाठ_एक्सपल्स (सांगली)

नमस्कार मंडळी. गाडी एक्सपल्स २०० फोर-व्ही. आठवडाभर विश्रामबाग ते मिरज ऑफिस, आणि रविवारी तीन-चार जण मिळून जत-आटपाडीकडचे माळ, कधी सातारच्या बाजूला ठोसेघर-चाळकेवाडी.

गेल्या महिन्यात तासगावच्या पुढे एका उसाच्या गाडीवाटेवर पुढचं चाक ट्रॅक्टरच्या चाकोरीत अडकलं. वेग काहीच नव्हता, पहिला-दुसरा गिअर. हँडल गर्रकन फिरलं, गाडी डाव्या अंगावर गेली आणि मुठीचं टोक थेट माझ्या बरगडीत. एक्स-रेत काही निघालं नाही, मुका मार म्हणाले. पण शिंक येणार असं वाटलं की आधी भिंत धरायचो.

आता छातीचं काहीतरी घ्यायचंच आहे. समोर तीन पर्याय आहेत:

एक, मोटोक्रॉसवाले घालतात तो वरून घालायचा कडक प्लॅस्टिकचा गार्ड. दोन, जाळीचं आर्मर जॅकेट, ज्यात खांदा, कोपर, छाती, पाठ सगळं एकत्र. तीन, माझ्या रोडच्या जॅकेटला आतून छातीचे कप्पे आहेत, त्यात पॅड टाकायची. हा सगळ्यात स्वस्त.

दुकानदार तिन्हीला "सीई आहे साहेब" म्हणतो, म्हणजे युरोपातल्या नियमांत बसतं असा शिक्का आहे. बजेट बारा हजार, ताणून पंधरा. उंची पाच फूट चार इंच, अंगाने बारीक. पाठीवर दोन लिटरची पाण्याची बॅग असते. काय घेऊ?

मोकळा_माळ (विटा)

जाळीचं घे, डोळे झाकून. एकदा घातलं की सगळं झाकलं. संपला विषय.

यवतेश्वर_घाट (सातारा)

डोळे झाकून नको भावा, उघडे ठेवून घे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

तू हळू पडलास, गाडी आडवी झाली आणि हँडल घुसलं. आपल्या भागातलं ऑफरोड बहुतांशी असंच असतं. काळ्या रानातली चाकोरी, माणमधले सुटे दगडगोटे, पवनचक्क्यांच्या वाटांवरचा भुसभुशीत मुरूम, घाटमाथ्यावरचा ओला जांभा. वेग कमी आणि पडणं वेडंवाकडं. मोटोक्रॉसच्या ट्रॅकचं तसं नाही. तिथं पुढच्या गाडीच्या मागच्या चाकातून ढेकळं-दगड उडून छातीवर येतात. तुझा तो पहिला पर्याय, कडक प्लॅस्टिकचं कवच, मुळात त्यासाठी जन्माला आलं. त्याचं युरोपातलं मानकही वेगळं आहे, ईएन १४०२१. उडणाऱ्या दगडांपासून बचाव, एवढंच त्याचं काम. पडल्यावर बसणाऱ्या दणक्यासाठी छातीचं मानक आहे ईएन १६२१-३. दोन्हींवर सीई छापलेलं असतं, आणि दुकानदार दोन्ही एकाच दमात "सीई आहे साहेब" करून विकतो. खोटं बोलत नाही तो, अर्धंच सांगतो. म्हणून "सीई आहे का" असं विचारूच नको. गार्ड उलटा कर, आतलं लेबल शोध. मोटरसायकलवर बसलेल्या माणसाचं छोटं चित्र असेल, जवळ मानकाचा आकडा आणि लेव्हल १ किंवा २ (२ म्हणजे जास्त बचाव). काही चांगल्या गार्डवर १४०२१ आणि १६२१-३ दोन्ही सापडतात. तसा मिळाला तर डाव्या-उजव्या बाजूला बघायचंच नाही, घेऊन टाकायचा. अर्थात अंगाला बसला तर, त्यावर खाली येतो.

आता मोकळा_माळ म्हणतो त्या जाळीच्या जॅकेटाबद्दल. माझा त्याला विरोध नाही, पण त्यावर मोठ्या अक्षरात "लेव्हल २ आर्मर" असतं ना, ते नक्की कुठल्या अवयवाचं ते आतून बघ. चाचणीत पाच किलोचं वजन साधारण मीटरभर उंचीवरून, म्हणजे ५० ज्यूल ऊर्जेने, पॅडवर आपटतात आणि पलीकडे किती जोर पोचला ते मोजतात. कोपर-गुडघ्याच्या पॅडला लेव्हल २ मिळायला सरासरी २० किलोन्यूटनपर्यंत चालतं. पाठीच्या पॅडला लेव्हल २ साठी ९ च्या आत लागतं. म्हणजे शिक्का तोच, पण गणित निराळं. बऱ्याच जाळीच्या जॅकेटांत खांदा-कोपराला खरं पॅड असतं आणि छातीला चपलेच्या तळव्यासारखा फोम. चेन उघड, पॅड बाहेर काढ, त्या पॅडवर १६२१-३ आहे का बघ. नसेल तर छातीपुरतं ते जॅकेट म्हणजे कापड.

बरगड्यांचं मात्र कुणी दुकानदार सांगणार नाही. १६२१ चे चार भाग आहेत. पहिला हातपाय-खांद्यांचा, दुसरा पाठीचा, तिसरा छातीचा, चौथा हवेने फुगणाऱ्यांचा. बरगड्यांचा असा भाग नाही. छातीचा शिक्का पुढून मिळतो, आणि तुला मार बसला काखेखाली, बाजूला. तेव्हा गार्डच्या बाजूला जी पट्टी किंवा फोम लावलाय तो त्या शिक्क्यात धरलेलाच आहे असं समजू नको. तो आपला आपण तपासायचा. तपासायची रीत सोपी आहे. गार्ड घाल, पट्टे आवळ, काखेखाली चार बोटं सोड आणि तिथून शेवटच्या बरगडीपर्यंत तळवा फिरव. जिथं हाताला टी-शर्ट लागला तिथं हँडल लागणार. आणि हँडलच कशाला, पडताना हात अंगाखाली दुमडला की आपलंच कोपर बरगडीत बसतं. कोपराला कडक वाटी असलेला गार्ड असेल तर ती वाटी. त्यामुळे छाती आणि पाठीच्या ताटल्यांमध्ये नुसते दोन इलॅस्टिकचे पट्टे असलेला गार्ड तुझ्या कामाचा नाही, लेव्हल कितीही असो. ताटल्या बाजूने वळून मागे येतात असा, किंवा बाजूला वेगळं जाड पॅड असलेला बनियनसारखा गार्ड बघ.

मापाचं सांगतो. तू पाच-चार आणि बारीक. छातीच्या घेरावरून माप घेतलंस तर फसशील, तुला धडाची लांबी बघायला हवी. आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. गाडी घेऊनच दुकानात जा, मित्राला गाडी धरायला लाव आणि फूटरेस्टवर उभा राहा. कोपरं बाहेर, छाती पुढे. खालची कड टाकीला किंवा पट्ट्याच्या बक्कलला लागून गार्ड वर सरकला की वरची कड गळ्यात जाते. मग खाली बस, हेल्मेट घालून पुढच्या चाकाकडे बघ. हेल्मेटची हनुवटी ताटलीवर टेकली तर तो गार्ड परत दे. पाण्याची बॅग पण घालूनच बघ, तिचे खांद्याचे पट्टे गार्डच्या खांद्यावरून घसरतात का ते तिथेच कळतं.

तिसरा पर्याय, जॅकेटमधले कप्पे. रोडसाठी छान, घालच. पण रोडचं जॅकेट घालून माणच्या माळावर मार्चनंतर उभ्याने गाडी चालवून दाखव. तासाभरात चेन खाली येते, दोन तासांत जॅकेट डिकीवर. मी लेव्हल २ चा जाड गार्ड बॅगेला लटकवून फिरणारे बघितलेत. त्यापेक्षा हवा खेळणारा लेव्हल १ दिवसभर अंगावर राहिला तर तो बरा, हे माझं मत. पटत नसेल तर सोडून दे.

लेबलवर टी प्लस असं काही दिसलं तर चांगलं. तो फोम ४० अंशांतही तपासलाय असा त्याचा अर्थ. हे मऊ फोम उन्हात ढिले पडतात. टी मायनस म्हणजे उणे १०, ते लडाखला जाशील तेव्हा बघू.

आणि एक फुकटातलं काम. आज घरी गेल्यावर मुठीची टोकं बघ. तुझी गाडी डाव्या अंगावर पडलीय, म्हणजे डाव्या मुठीचं रबर टोकाला फाटलं असणार आणि आतली नळी उघडी पडली असणार. मोटोक्रॉसच्या नियमांत हँडलची टोकं बंद असणं सक्तीचं आहे, ते उगाच नाही. उघडी नळी अंगात घुसते. नवीन मुठी किंवा टोकाला बुच, किंवा शेवटपर्यंत जाणाऱ्या धातूच्या कण्याचा हँडगार्ड. गार्ड नंतर, हे आधी.

(ठोसेघर-चाळकेवाडीला या, पण कासला गाडी डांबराखाली उतरवू नका. परवा पुन्हा सड्यावर चाकांचे माग दिसले. २०१२ पासून जागतिक वारसा आहे तो, आणि जांभ्यावर मातीचा थर असून असून किती असतो.)

वारणा_वळण (इस्लामपूर)

एवढं सगळं करण्यापेक्षा एअरबॅग व्हेस्ट का नको? बरगड्या पण झाकतो.

यवतेश्वर_घाट (सातारा)

हायवेला उत्तम. पण दोरीने गाडीला बांधलेला व्हेस्ट कधी फुगतो? तू गाडीपासून लांब फेकला गेलास आणि दोरीला झटका बसला की. चाकोरीत गाडीसकट आडवा झालास तर दोरी ढिलीच राहते. आणि आपण रविवारी किती वेळा आडवे होतो ते तुला माहीत आहे. शिवाय एकदा फुगला की नवीन सिलिंडर. बजेट पंधरा हजार आहे त्याचं, विसरलास का?

फुंकर (मिरज)

गाडीतलं मला कळत नाही, नवरा चालवतो म्हणून इथं वाचते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मूळ पोस्टमधल्या दादांसाठी दोन शब्द.

एक्स-रेत दिसलं नाही म्हणजे बरगडी मोडलीच नव्हती असं नाही. बारीक तडा साध्या एक्स-रेत बऱ्याचदा निसटतो, विशेषतः हाड जागेवरून हललं नसेल तर. उपचार तसाही तोच, वेदनाशामक आणि वेळ. साधारण सहा आठवडे धरा. तेवढ्यात पुन्हा त्याच बाजूवर पडू नका, म्हणजे सध्या माळावर जाऊच नका. नवीन गार्ड आला म्हणून तर मुळीच नका.

छातीला घट्ट पट्टा गुंडाळायची पद्धत जुनी झाली. घरातली मोठी माणसं हमखास सांगतात. पट्ट्याने दुखणं कमी वाटतं, पण श्वास उथळ होतो, कफ खाली साठतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. उशी छातीशी धरून खोका, आणि तासातासाला सावकाश खोल श्वास घ्या. श्वासाच्या व्यायामाचं ते तीन प्लॅस्टिकच्या गोळ्यांचं यंत्र मिळतं ना, ते फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. निम्मे पेशंट उलटंच करतात.

आणि हे सगळ्यांसाठी. डावीकडच्या खालच्या बरगड्यांमागे प्लीहा असते, उजवीकडे यकृत. डाव्या बाजूला मार बसल्यावर डावा खांदा दुखायला लागला आणि खांद्याला मुळात काही लागलेलं नसेल, चक्कर येतेय, पोट ताठ झालंय, तर "मुका मार आहे, घरी जाऊन शेकू" म्हणायचं नाही. आत रक्तस्राव चालू असू शकतो. धाप लागत असेल तरी तेच, फुप्फुसाला इजा झालेली असू शकते. गाडी तिथेच सोडा आणि कुणाच्या तरी चारचाकीतून थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

रानवाट_ताई (कराड)

फुंकरताई, हे वर पिन करून ठेवायला पाहिजे.

बायका वाचत असतील तर माझी भर. एकसंध सपाट ताटलीचा गार्ड आपल्याला वरून टेकतो आणि खालून उचलला जातो. उभं राहून चालवताना तो लोंबतो, आणि पडल्यावर फिरून भलतीकडेच जातो. १६२१-३ मध्ये दोन तुकड्यांच्या गार्डलाही मान्यता मिळते, तो विचारा. दुकानात ठेवत नाहीत, मागवून देतात. "लेडीजमध्ये स्मॉल घ्या ना" असं कुणी म्हटलं तर दुकान बदला. स्मॉल म्हणजे फक्त लहान, आकार तोच.

छातीवर कॅमेरा बांधणाऱ्यांनो, तो कडक ठोकळा छातीच्या मधल्या हाडावर बांधून कशासाठी पडताय? हेल्मेटच्या हनुवटीवर लावा. तसंच वरच्या खिशातले पाने, किल्ल्या, मोबाईल. आमच्यातल्या एकाच्या छातीवर पान्याचा ठसा महिनाभर वाचता येत होता, १०-१२.

कृष्णाकाठ_एक्सपल्स (सांगली)

सगळ्यांचे आभार. फुंकरताई, अजून कूस बदलताना दुखतं, त्यामुळे सहा आठवडे बंद, कबूल. डाव्या मुठीचं टोक बघितलं. रबर फाटलंय आणि नळी बाहेर आहे, यवतेश्वरदादा म्हणाले तसंच. नवीन मुठी आणल्या.

पुण्यातल्या एका दुकानाला फोन केला. बनियनसारखा, बाजूला पॅड असलेला, छातीला १६२१-३ लेव्हल १, पाठीला १६२१-२ लेव्हल २ असा आहे म्हणतात. किंमत चौदाच्या आसपास. एकच शंका. हा जर्सीच्या आत घालायचा की वरून? आणि पुढे-मागे मानेचा ब्रेस घेतला तर?

यवतेश्वर_घाट (सातारा)

लेबलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागव, मगच पुण्याचं पेट्रोल जाळ.

बनियनवाला आत घालायचा, वर सैल जर्सी. अंगाला चिकटून राहतो, पडल्यावर फिरत नाही. म्हणून मापाला जाताना जर्सी पण ने, नाहीतर वरची जर्सी एक माप मोठी घ्यावी लागेल. ब्रेस घेणार असशील तर गार्डचा खांद्याजवळचा भाग पातळ किंवा काढता येणारा पाहिजे. ब्रेस छातीवर आणि पाठीवर सपाट टेकायला हवा. खाली जाड पॅड आलं की तो डुगडुगतो आणि हेल्मेटला आधीच अडतो. ब्रेसवाल्या कंपन्या कुठला गार्ड चालतो ते सांगतात, दोन्ही एकाच ठिकाणी घालून बघता आलं तर उत्तम.

आणि पॅड काढून आतलं कापड धुता येतं का ते विचार. नाहीतर दुसऱ्या रविवारपासून वहिनी गार्ड गॅलरीच्या बाहेर टांगतील, आणि फोम उन्हात तापून जाईल.

मोकळा_माळ (विटा)

माझं जाळीचं जॅकेट आत्ता उलटं करून बघितलं. छातीच्या पॅडवर काहीच छापलेलं नाही. त्या पुण्याच्या दुकानाचा नंबर मेसेज कर रे.