ताजा म्हणजे सुरक्षित नव्हे

गळातून काढल्या काढल्या मासा कापून लिंबू पिळून खाल्ला तर काय बिघडतं, असं कुणी विचारेल. बिघडू शकतं, आणि ताजेपणाचा इथे फारसा उपयोग नाही. जंत मासा जिवंत असतानाच त्याच्या पोटात असतात. समुद्री माशांतला ॲनिसाकिस घ्या: दोन-तीन सेंटीमीटरची पांढुरकी अळी, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळं घालून बसलेली. मासा मेल्यावर ती आतड्यातून मांसात शिरू शकते, म्हणून आतडी लगेच काढणं चांगलंच. पण काही अळ्या आधीच मांसात असतात, आणि लिंबू, मीठ किंवा दारूने त्या मरतील याचा भरवसा धरू नका.

कच्च्यासाठीचा मासा उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस गोठवतात तो याचसाठी. घरच्या फ्रीजरला तेवढी थंडी नेहमी जमत नाही, उघड्यावर तर प्रश्नच नाही. गोड्या पाण्यातला मासा मी कच्चा कधीच खाणार नाही. फीतकृमी आणि यकृतातले कृमी त्यातून येतात.

शिंपल्यांची भीती मला जास्त वाटते. कोमट समुद्रातल्या कालवांमध्ये व्हिब्रिओ जिवाणू असतात. गोठवूनही त्यांचा पूर्ण नाश होत नाही. यकृताचा आजार असलेल्याच्या जिवावर बेतू शकतं. बाहेर गेलात तर चूल पेटवा, मासा आतपर्यंत अपारदर्शक होऊन काट्यापासून सुटेपर्यंत शिजवा. बांगडा, ट्यूना मात्र पकडल्यापासून बर्फातच हवेत. उन्हात राहिले की हिस्टामिन (ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य) तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही.