जुन्या एमपीथ्री काढून सीडीवरून पुन्हा रिप केल्यात (कॉम्प्युटरवर उतरवल्यात) का कुणी?

केतकी_ठाणे
माळा आवरताना बाबांचा सीडींचा खोका सापडला. वरचीच किशोरीताई आमोणकरांची. हेच रेकॉर्डिंग मी 2003 पासून ऐकतेय, हॉस्टेलात कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून घेतलेलं, 128 केबीपीएसचं (सेकंदाला 128 किलोबिट), फार दाबलेलं. तानपुरा पाण्यात बुडवल्यासारखा. आणि शेवटची तान समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायच्या आतच फाइल तुटायची. गुणगुणतानाही मी तिथेच थांबते, इतकी सवय. काल सीडी रिप केली. सम आली! पोळी तव्यावर करपली. तुमचे अनुभव लिहा.

चिपाड
मी एका रात्रीत चारशे गाणी 128 ची 320 केली होती. डिस्क भरली, आवाज तोच. चिपाड परत चरकात घातलं तर रस येतो होय? आयडी तेव्हापासूनचा.

मंद्र_सप्तक
एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर, सिक्युअर मोड (पडताळून वाचतो), फाइल फ्लॅक फॉरमॅटमध्ये. सीडीचे 1411 केबीपीएस, फ्लॅकमध्ये साधारण निम्म्यावर येतात आणि काही गळत नाही. 128 ची एमपीथ्री बहुधा 16 किलोहर्ट्झच्या वरचं सगळं छाटते. फुटपाथवरच्या "150 गाणी" सीडीतून रिप करू नका, ती आधीच एमपीथ्री असते. शंका आली तर स्पेकमध्ये (फ्रिक्वेन्सीचं चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, 16 वर भिंत दिसली की समजा गंडवलंय.

अण्णा५८
16 च्या वरचं आमच्या कानांना काय ऐकू येणार! कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या तरी पुरे.

चिपाड
अण्णा 😂 तीन झाल्या, गॅस बंद करा

सोनाली_म
माझ्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. यूएसबीचा आणला, तर पहिलीच सीडी अडकत वाचतेय. नवऱ्याने टूथपेस्ट लावून घासली. तीही लेबलच्या बाजूने!! डेटाचा थर लेबलच्या लगेच खाली असतो हे नंतर कळलं. आता चहाचा कप ठेवतो तिच्यावर.

जर्सीकर
दर भारतवारीत मुंबईच्या ऱ्हिदम हाऊस या दुकानातून दहाबारा सीडी आणायचो. 2016 ला ते बंद झालं. लॉकडाउनमध्ये सगळ्या रिप केल्या, नावं आली ट्रॅक 01, ट्रॅक 02. देवनागरीत एकेक टाइप केलं. बायको म्हणाली, एवढं बारसं मुलांचंही केलं नाहीस.

अण्णा५८
केतकीताई, माळ्यावर अजून काय निघालं? आमच्याकडे पितळी स्टो निघाला.

केतकी_ठाणे
@अण्णा स्टो आमच्याकडेही आहे, पिन नाही. सोनाली, अरेरे. 🙈 आईला पूर्ण तान ऐकवली. म्हणाली, आधीचं बरं होतं, लवकर संपायचं.

सोनाली_म
स्टोची पिन मिळते अजून कुठे?