मंडईचं नाटक ठरलं, पण नटावर तक्रार आहे. प्रयोग ठेवावा की मोडावा?

मंडई_आरमोरी
आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भाऊबीजेनंतर पाचव्या दिवशी आहे. वडसाच्या एका नाटक कंपनीला २०,००० इसार दिला, पोस्टरं लागली, ऑटोवर पुकारा सुरू झाला. आता फोनवर फिरून राहिलं की कंपनीच्या मुख्य नटाविरुद्ध सोबतच्या एका बाईनं छळाची तक्रार केली आहे. गाणीही तोच म्हणतो आणि गर्दी त्याच्याच नावावर येते. बचत गटाच्या बायका म्हणतात, तो स्टेजवर असला तर आम्ही तिकीट घेणार नाही. मंडळातले काही म्हणतात, आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, इसार कशाला बुडवायचा. तक्रार खरंच झाली का हे कसं पाहायचं? नट बदलता येतो का? मोडलं तर किती खड्ड्यात जाऊ? नावं लिहू नका, फक्त मार्ग सांगा.

पडद्यामागे
नावं न लिहिण्याचं बरोबर केलं. बलात्कारासारख्या लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये बाईचं नाव किंवा फोटो असेल तर पुढे पाठवू नका, आधी पुसा.

तक्रार एकाहून जास्त जागी असू शकते. पोलिसात गुन्हा दाखल असेल तर एरवी एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर दिसतो, पण लैंगिक गुन्ह्यांचे एफआयआर तिथे टाकत नाहीत. म्हणून ‘साइटवर काहीच नाही, म्हणजे खोटं’ असं धरू नका. दुसरी जागा म्हणजे जिल्ह्याची स्थानिक समिती. कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं ती प्रत्येक जिल्ह्यात असते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणची तक्रार तिच्याकडे जाते (दहा किंवा जास्त असतील तर कंपनीच्याच अंतर्गत समितीकडे) आणि खुद्द मालकाविरुद्धची तक्रारही तिच्याकडेच जाते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची, समितीला ही मुदत आणखी तीन महिने वाढवता येते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते आणि तिथलं कामकाज गुप्त राहतं. तुम्हाला कागद कोणी दाखवणार नाही.

आता हिशेब करा. झाडीपट्टीचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा हंगाम दिवाळी ते होळी, म्हणजे जेमतेम चार महिने. दिवाळीत दिलेल्या तक्रारीचा निकाल येईपर्यंत अर्ध्याहून जास्त हंगाम निघून जातो. ‘निकाल लागू द्या, मग बघू’ असं मंडळ म्हणत असेल तर ते खरं म्हणजे ‘काही करायचं नाही’ असंच म्हणत आहे.

म्हणून कंपनीच्या मालकाला एकच प्रश्न विचारा: ती बाई अजून तुमच्या प्रयोगात आहे का? ती आहे आणि त्याला बाजूला ठेवला, तर कंपनी नीट वागून राहिली. ती घरी बसली आणि त्याचं नाव पोस्टरवर ठळक, तर ती स्वतःहून गेली की काढली, हे मालकालाच विचारा. उत्तर देताना तो अडखळतो का, तेवढं पाहिलं तरी बरंच कळतं. माझ्या मते मंडळानं यावरच ठरवावं, फोनवर फिरणाऱ्या मेसेजवर नाही.

धानाचा_बांध
भाऊ, मोडून काय भेटणार? त्या कंपनीत नट एकटाच हाय का? ऑर्गनवाला, तबलावाला, पडदेवाला, नाचणाऱ्या पोरी, ह्या साऱ्याइले एका रातीची मजुरी भेटते. प्रयोग नाही तर मजुरी नाही. दंड नटाले करायचा अन् उपाशी बाकीच्याइले ठेवायचं, हे मले पटत नाही. नट बदला, नाटक ठेवा.

पेटी_पांढरी_एक
नट बदलता येतो, आठवडा हाती असला तर चांगलाच बदलता येतो. आपल्याकडे प्रॉम्प्टर विंगेत वही घेऊन बसतो, त्यामुळे नवा माणूस संवाद निभावून नेतो. अडतं ते गाण्यात. पुरुष बहुतेक पेटीच्या काळी एक-दोन या पट्टीत (गाण्याच्या मूळ सुरात) गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. जुन्या जोडीनं युगुलगीतासाठी मधली एक पट्टी ठरवलेली असते. नवा माणूस आला आणि तीच पट्टी ठेवली, तर अंतऱ्यात वर जाताना त्याचा आवाज फाटतो. खाली उतरवली तर बाईचा मुखडा ऐकूच येत नाही. प्रयोगाच्या दिवशी दुपारी नवा नट, ती गायिका आणि ऑर्गनवाला यांना एक तास एकत्र बसवा. प्रत्येक गाण्याची पट्टी कागदावर लिहून ऑर्गनला चिकटवा. युगुलगीत जमलंच नाही तर ते काढून बाईचं एकटीचं गाणं घ्या. वाईट गाण्यापेक्षा एक गाणं कमी झालेलं प्रेक्षकाला चालतं.

दुसरं, पुकाऱ्याची रेकॉर्डिंग त्याच दिवशी बदला आणि पोस्टरवरच्या नावावर कागदाची पट्टी लावा. जुन्या नावावर तिकीट विकून ऐन वेळी दुसरा उभा केला, तर पहिल्याच प्रवेशाला खुर्च्या फेकतात. तिथे लोक चुकीचे नसतात, पैसे त्यांनी त्या नावाला दिलेले असतात.

हिशोब_वही
आकडे धरून सांगतो, तुमचे भरून घ्या. कंपनी ७०,०००, मंडप, आवाज, लाईट, जनरेटर मिळून ३५,०००. खर्च १,०५,०००. ३०० खुर्च्या २०० नं, खाली बसणारे ६०० जण १०० नं, म्हणजे १,२०,०००. उरतात १५,०००. चारपैकी एक माणूस आला नाही तर गल्ला ९०,००० वर येतो, म्हणजे १५,००० अंगावर. बचत गटाच्या बायका आल्या नाही तर त्यांच्या घरचेही येत नाहीत, हे धरा. पूर्ण मोडलं तर इसाराचे २०,००० आणि मंडपाची आगाऊ रक्कम जाते. शिवाय भाऊबीजेच्या आठवड्यात दुसरी चांगली कंपनी मोकळी सापडत नाही, त्यांच्या तारखा आधीच भरलेल्या असतात. नट बदलणं पैशाच्या हिशेबानंही स्वस्त पडतं.

पण मालकाचा तोंडी शब्द घेऊ नका. साध्या कागदावर तीन ओळी लिहा: अमुक नट या प्रयोगात नसेल, त्याच्या जागी कोण येईल त्याचं नाव, आणि तो स्टेजवर दिसला तर ठरलेल्या रकमेतून किती कापायचं. खाली मालक आणि मंडळाचे अध्यक्ष अशा दोन सह्या. बाकीची रक्कम प्रयोग सुरू होण्याआधी पूर्ण देऊ नका, काही हिस्सा पहाटे पडदा पडल्यावर द्या.

पुढच्या सालापासून ही ओळ इसार देतानाच लिहून घ्या. पोस्टर लागल्यावर मंडळाचं काही चालत नाही.

वैनगंगाकाठ_ताई
सगळे नटाबद्दल बोलून राहिले. नट बदलला तरी बाकीच्या बाया त्याच ताडपत्रीमागे कपडे बदलणार का? हे तुमच्या मंडळाच्या हातात आहे, कंपनीच्या नाही. शाळेची एक खोली मागा, आतून कडी लागणारी, लाईट आणि जवळ संडास असलेली. स्टेजपर्यंतच्या वाटेवर एक बल्ब लावा. बक्षिसाच्या नोटा घेऊन कोणालाही स्टेजवर चढू देऊ नका. बक्षीस मंडळाच्या टेबलावर द्यायचं, नाव माईकवर पुकारायचं, रक्कम वहीत लिहून त्या कलाकाराच्या हाती द्यायची. बचत गटाच्या दोन बायकांना त्या टेबलावर बसवा. ज्या बायका तिकीट घेणार नाही म्हणतात, त्या मग येतात.

पडद्यामागे
एक राहिलं. गावात दोन तट पडले की विरोधी तट नटावर तक्रार करत नाही, आवाजावर करतो. उघड्यावर लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ मनाई आहे. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट मिळते, त्यात तुमची तारीख येते का ते पाहा. आपलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, म्हणून एक फोन गेला की प्रयोग तिसऱ्या प्रवेशात थांबतो. पोलीस ठाण्याची परवानगी आधी घ्या, स्पीकरची तोंडं वस्तीकडे न ठेवता प्रेक्षकांकडे खाली झुकवा, आणि त्या दुसऱ्या तटातल्या दोघांना आजच मंडळाच्या बैठकीला बोलवा.

मंडई_आरमोरी
मालकाला फोन केला. ती बाई आहे का विचारलं, तर म्हणाले ‘तिची तब्येत बरी नाही’. आज संध्याकाळी पारावर बैठक आहे, कागद तिथेच लिहितो. ताई, शाळेच्या खोलीसाठी मुख्याध्यापकांना अर्ज द्यायचा की ग्रामपंचायतीला?

वैनगंगाकाठ_ताई
दोघांनाही द्या, आणि पोच घ्या. किल्ली आदल्या दिवशीच ताब्यात घ्या. मंडईच्या दिवशी शिपाई सापडत नाही.