रोजच्या दिवसातलं निवांतपण: नागपूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

मे महिन्यात आपलं शहर आपोआप मंदावतं. पारा 45 ला टेकला की दुपारी बर्डीच्या बाजारातसुद्धा वर्दळ ओसरते, कामं सकाळ-संध्याकाळकडे सरकतात. पण हा धागा उन्हाळ्यापुरता नाही. नोकरी, शाळा, स्वयंपाक, हप्ते सगळं चालू असताना रोजच्या कुठल्या गोष्टीला तुम्ही मुद्दाम वेळ देता? चिखलदऱ्याची सहल नको. घरातलं, रस्त्यावरचं, कामाच्या वाटेवरचं लिहा.

सुरुवात मी करते. माझं संत्रं. अंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे येतात, ती आंबटगोड. मी वाट बघते मृग बहाराची, फेब्रुवारी-मार्चमधल्या गोड फळांची. आपल्या संत्र्याची साल सैल. देठापाशी अंगठा घातला की तेलाचा बारीक फवारा उडतो आणि बोटं कितीतरी वेळ दरवळतात. घरी सगळ्यांना ज्यूस हवा असतो. मी रात्री जेवणानंतर एक संत्रं घेऊन बसते, शिरा काढते, फोड फोड खाते. मोबाइल तेव्हा दुसऱ्या खोलीत. ज्यूस दोन घोटांत संपतो, त्यात फळ भेटतच नाही, असं माझं ठाम मत आहे.

महालातून
होळी झाली की आमच्याकडे कूलर निघतो. माणूस बोलावला तर काम झटपट होतं, पण आम्ही बापलेक रविवारची अख्खी सकाळ त्याला देतो. वाळ्याच्या जुन्या ताट्या सोडायच्या, टाकी घासायची, जाळीवरचा क्षार खरवडायचा. पाणी सोडणाऱ्या नळीची छिद्रं बाबा सुईनं एकेक मोकळी करतात. एक जरी बुजलेलं राहिलं तरी तेवढी ताटी कोरडी राहते आणि तिथून गरम हवा येते, हे ते दरवर्षी सांगतात आणि मी दरवर्षी ऐकतो. एरवी आमचं बोलणं "जेवला का?" एवढंच. त्या सकाळी मात्र बाबांचे एम्प्रेस मिलमधले दिवस निघतात, पाळ्या, भोंगा, सोबतचे लोक. मग पंप सुरू होतो, ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरतो आणि आई चहा टाकते. ही सकाळ मी कोणाला देणार नाही.

धरमपेठेतून
तर्री पोहे पार्सल आणायचे नाहीत, एवढा एकच नियम. घरी येईस्तोवर तर्री पोह्यांत मुरते आणि लगदा होतो. ठेल्यावर उभं राहून, चणे दाताखाली येऊ देत, "भाऊ, तर्री अजून थोडी" म्हणत खायचे. ऑफिस कुठं पळून जात नाही.

हिंगणा रोडवरून
2020 मध्ये आमच्या बाजूची मेट्रो सुरू झाली आणि बर्डीला जाताना माझे दोन्ही हात मोकळे झाले. सुभाषनगरच्या सुमारास अंबाझरीचं पाणी दिसतं. पावसाळ्यात भरलेलं, उन्हाळ्यात काठ उघडे पडलेलं. मी ती बाजू धरूनच उभा राहतो. शेजारी कोणी नवखं असलं तर त्यालाही दाखवतो.

मनीषनगरातून
सगळ्यांचं वाचून बरं वाटलं. पण एक सांगते, घरातल्या बाईचं निवांतपण कोणीतरी तिच्या कामाचा वाटा उचलल्याशिवाय येत नाही जी. पन्हं निवांत प्यायचं तर कैऱ्या उकडायच्या कोणी? आमच्याकडे हे बोलून ठरवावं लागलं. आता रविवारचं जेवण हे आणि मुलगा करतात. मागच्या वेळी गोळाभात केला. डाळीच्या पिठाचे गोळे वाकडेतिकडे, एक तर भातातच फुटला. पण वरून घालायचं हिंग-मोहरीचं तेल अगदी कडकडीत, चर्रर आवाज गच्चीपर्यंत आला. मी तेव्हा गच्चीवर पेपर वाचत बसलेली, शब्दकोड्यासकट. पानं वाढून होईपर्यंत मला हाक मारायची नाही, मीठ कुठे ठेवलंय हे विचारायलासुद्धा नाही, असं आमचं ठरलं आहे.