मल्टीतला एक मासा हीटरमागंच अडकून बसलाय, मदत हवी

मंडळी, मल्टीफॅशियाटस, म्हणजे मल्टी, हे शंखात राहणारे छोटे मासे पाळणारं कोणी आहे का इथं? आमच्या कोल्हापुरात गप्पी आणि फ्लॉवरहॉर्नवाले ढिगानं सापडतील, पण शंखात राहणारा मासा म्हटलं की लोक आधी खेकडाच समजतात.

टँक दोन फुटी, साधारण ६० लिटरचा, तळाला अडीच इंच बारीक वाळू. नळाचं पाणी मऊ निघालं म्हणून निम्मं बोअरचं मिसळतो, पीएच ८.१ येतोय, तापमान २६. हे मासे मूळचे आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले, तिथले निओथौमा गोगलगायीचे शंख इथं कुठले मिळायला, म्हणून पन्हाळ्याच्या खालच्या भातखाचरातनं गोगलगायींचे रिकामे शंख गोळा केले, उकळून, उन्हात वाळवून १० टाकले. मासे ६, पाच महिने झाले.

सगळं मस्त चाललं होतं, वाळू उपसून शंख पार गाडून टाकायचे, आई म्हणायची मासे कुठायत, नुसती वाळूच पाळलीयस. पण पंधरा दिवसांपूर्वी एका शंखाच्या तोंडाशी कणीएवढी पिल्लं दिसली आणि तेव्हापासनं एका माशाला बाकीचे खाली येऊच देईनात. दिवसभर वर हीटरमागं, शेपटी फाटलीय, खायला खाली आला की दोघं तिघं अंगावर. काढावा की थांबावं? आणि काढताना गडबडीत जाळी घातली तर बाकीचे शंखात घुसतील, पिल्लं चेंगरतील, ही भीती.

प्रतिसाद: शेपटी फाटलीय म्हणजे थांबू नका, आजच काढा. वर हीटरमागंच आहे ना, मग रात्री लाइट बंद करून अर्ध्या तासानं छोटा ग्लास बुडवून अलगद घ्या, जाळी नकोच. समजा शंखात शिरलाच तर शंखासकट उचला, ओढून काढायचा नाही, दुसऱ्या भांड्यात ठेवला की आपण होऊन येतो बाहेर. दुसरं म्हणजे ६ माशांना १० शंख लई कमी, माशामागं किमान तीन तरी धरा. आणि ते सगळे एकाच ढिगात आहेत का?

मूळ लेखक: हो भावा, एकाच कोपऱ्यात, दिसायला बरं म्हणून.

प्रतिसाद: तिथंच घोळ झालाय. पिल्लं असलेला ढीग हलवू नका, नवे शंख दुसऱ्या टोकाला पसरा, मधी एखादा दगड ठेवा म्हणजे समोरासमोर दिसायचे नाहीत. शेपटी भरून आली की मग परत सोडून बघा, तोवर नाही.

मूळ लेखक: काढला. सध्या लोणच्याच्या बरणीत आहे, एक शंख दिलाय त्याला, आत जाऊन बसलाय. रविवारी परत खाचरात.