मदत हवी आहे: घरी शिकणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी व्याकरण आणि लेखनाचा कोणता अभ्यासक्रम घ्यावा? (गोवा)

नमस्कार मंडळी,

आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. दोघंही शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. गणित, परिसर अभ्यास, मराठी यांची घडी छान बसली आहे. अडलंय ते इंग्रजीपाशी, त्यातही व्याकरण आणि लेखनापाशी. जूनपासून नीट काहीतरी सुरू करायचं आहे, म्हणून हा धागा.

आधी घरातल्या भाषांबद्दल सांगते, कारण सल्ला त्यावरच अवलंबून आहे. बोलणं कोंकणीत, वाचणं-लिहिणं मराठीत. सासूबाई दुपारी मुलांकडून मराठी वाचून घेतात, जत्रेतली नाटकं मुलं रात्री उशिरापर्यंत बसून बघतात. मराठी त्यांच्या कानात मुरलेली आहे. इंग्रजी मात्र कानावर पडतं ते कार्टूनमधून आणि शेजारच्या मुलांच्या तोंडून. मुलगी इंग्रजी गोष्टी आवडीने वाचते, तिला समजतातही. लिहायला बसली की गाडी अडते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराबद्दल तिने लिहिलेल्या ओळी जशाच्या तशा देते: ‘यस्टरडे वी गो टू मार्केट. आजी इज सी बिग बनानाज. शी आस्क व्हाय दिस इज सो कॉस्टली?’ पुढे मयड्याच्या (मोयरा गावच्या) केळ्यांचा भाव, विकणारीचं उत्तर, आजीने घासाघीस करून फणा कसा घेतला ते सगळं आहे. सांगण्यासारखं तिच्याकडे भरपूर आहे आणि ते क्रमाने मांडताही येतं. पण क्रियापदाचा काळ जागेवर नाही, ‘द’ गायब आहे, आणि प्रश्नाची रचना थेट आपल्या भाषेतली आहे.

इथेच माझी खरी अडचण आहे. घरी शिकवणाऱ्यांमध्ये जे अभ्यासक्रम नावाजलेले आहेत ते बहुतेक अमेरिकेतले, इंग्रजी हीच घरची भाषा असलेल्या मुलांसाठी लिहिलेले. त्या मुलांना ‘द’ कुठे लावायचा हे कुणी शिकवत नाही, पुस्तक हाती येण्याआधीच ते कानाला कळलेलं असतं. पुस्तक फक्त आधीच येणाऱ्या गोष्टींना नावं देतं: हे नाम, हे विशेषण. आमच्या मुलीला नावं मराठी व्याकरणामुळे ठाऊक आहेत. तिला हवा आहे तो वापर.

जे चाळून पाहिलं त्याबद्दल माझं मत लिहिते, कुठे चुकत असेन तर सांगा.

‘फर्स्ट लँग्वेज लेसन्स’च्या चार पातळ्या आहेत, साधारण पहिली ते चौथीसाठी. पालकाने काय बोलायचं ते वाक्यागणिक लिहून दिलंय. व्याख्या पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायच्या, कविता पाठ करायच्या, वरच्या पातळ्यांत वाक्याच्या आकृत्या काढायच्या. शिकवणाऱ्याला सोपं, पण आमच्या अडचणीला ते फारसं हात घालत नाही. त्याच प्रकाशनाचं ‘रायटिंग विथ ईझ’ मात्र मला मनापासून आवडलं. चांगल्या पुस्तकातला उतारा बघून लिहायचा, ऐकलेला भाग आपल्या शब्दांत सांगायचा, मग श्रुतलेखन. आपण लहानपणी रोज एक पान शुद्धलेखन करायचो, तशातलीच ही पद्धत. नेमकी वाक्यरचना हातातून पुन्हा पुन्हा गेली की ती बसते, यावर माझा विश्वास आहे.

‘इन्स्टिट्यूट फॉर एक्सलन्स इन रायटिंग’मध्ये उताऱ्याच्या प्रत्येक वाक्यातून तीनपर्यंत महत्त्वाचे शब्द निवडायचे आणि नुसत्या त्या शब्दांवरून परिच्छेद पुन्हा उभा करायचा. कोऱ्या कागदापुढे थबकणाऱ्या मुलांना याचा मोठा आधार होईल. पण परिच्छेदात ‘एलवाय’ने संपणारं क्रियाविशेषण हवंच, ‘बिकॉज’चं उपवाक्य हवंच, अशी जी यादी असते ती दुसरी भाषा शिकणाऱ्या मुलीवर लादायला मन धजत नाही. जिचा भूतकाळ अजून पक्का नाही तिने वाक्य कशाला सजवायचं?

‘ब्रेव्ह रायटर’ याच्या अगदी उलट. मूल बोलेल ते सुरुवातीला पालकाने लिहून घ्यायचं, वाचत असलेल्या कादंबरीतल्या उताऱ्यावरून विरामचिन्हं, रचना समजावायची. वृत्ती फार छान आहे, पण पालकाचं स्वतःचं इंग्रजी भक्कम हवं. माझं कामापुरतं चांगलं आहे, पण एखादं वाक्य चूक का हे दर वेळी सांगता येईलच असं नाही.

परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचं केंब्रिजचं ‘इसेन्शियल ग्रामर इन यूज’ (मर्फी यांचं लाल पुस्तक) आमच्या गरजेच्या सर्वांत जवळ येतं. डाव्या पानावर उदाहरणांसह नियम, उजव्या पानावर सराव. काळ, आर्टिकल, प्रश्नाची रचना सगळं सुटं सुटं आहे. पण ते मोठ्यांसाठीचं आहे, उदाहरणं मोठ्यांच्या आयुष्यातली, आणि लेखन त्यात नाहीच. ह्यांचं म्हणणं, ‘आम्ही रेन अँड मार्टिनवर शिकलो, तेच आण.’ १९३० च्या दशकातलं ते पुस्तक अजून खपतं ते उगाच नाही, पण दहा वर्षांच्या मुलीला ते जड जाईल असं मला वाटतं.

पुढची परीक्षा अजून ठरलेली नाही. एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी देता येते, त्याला किमान वय १४. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या ए, बी, सी पातळ्याही आहेत. केंब्रिजची आयजीसीएसई (दहावीच्या तोडीची परीक्षा) खासगी विद्यार्थी म्हणून देण्याचाही विचार आहे. काहीही असलं तरी स्पेलिंग ब्रिटिश हवं, आणि अमेरिकन पुस्तकांत ‘कलर’मधला ‘यू’ गायब. शिवाय बाहेरून मागवलं की पुस्तकापेक्षा टपालखर्च जास्त.

तर, घरात इंग्रजी नसताना यातलं काही वापरलेलं कुणी आहे का? व्याकरण आणि लेखन एकाच संचातून शिकवलंत की वेगवेगळं? आणि सात वर्षांच्या मुलाला व्याकरण आत्ताच सुरू करावं का?

डिचोलीकर:

ताई, मी बरीच वर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. तुमच्या मुलीच्या ओळी वाचून काळजी वाटली नाही, उलट आनंद झाला. चुका तीनच जातींच्या आहेत. एका वेळी एकच धरा. काही आठवडे फक्त भूतकाळ, तोंडी आणि लेखी. तेवढ्या काळात ‘द’ राहिला तर राहू दे, वहीत त्याला लाल खूण करू नका. सगळ्याच चुका एकदम दाखवल्या की मुलं येतं तेवढंच आणि आखूड लिहायला लागतात.

दुसरं, वाक्यं जोडायचा सराव घ्या. याला पुस्तक लागत नाही. तिच्याच बाजारातली वाक्यं घ्या: ‘द वुमन सोल्ड बनानाज. शी केम फ्रॉम मोयरा. द बनानाज वर बिग.’ याचं एक वाक्य करायला सांगा. ‘द वुमन फ्रॉम मोयरा सोल्ड बिग बनानाज’ होईल, नाहीतर ‘हू’ वापरून दुसरं काही. दोन्ही फळ्यावर लिहा आणि कोणतं कानाला बरं लागतं ते तिलाच विचारा. ग्रॅहम आणि पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले होते. त्यात वाक्यं जोडण्याच्या सरावाचा लेखनाला फायदा दिसला, नुसतं सुटं व्याकरण शिकवण्याचा दिसला नाही.

धाकट्याला व्याकरण आत्ता नको. त्याला गोष्ट वाचून दाखवा आणि ती कोंकणीत सांगू दे. विचार क्रमाने मांडायची सवय एका भाषेत लागली की दुसऱ्या भाषेत कामाला येते.

मुक्तवाचक:

काकांना अनुमोदन. पैसे घालण्याआधी एनसीईआरटीची इंग्रजी पुस्तकं बघा, संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. स्पेलिंगचा प्रश्न नाही आणि गोष्टींतली माणसं ओळखीची. श्रुतलेखनाचे उतारे त्यातूनच काढता येतील. आणि पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा विभाग चांगला आहे, जमेल तसं मुलांना घेऊन जा. कान तयार व्हायचा असेल तर मोठ्याने वाचून दाखवण्याला पर्याय नाही.

धागाकर्ती:

काका, खूप आभार. वाक्यं जोडायचं आज करून पाहिलं. ‘हू’चं वाक्य तिने आपणहून केलं आणि आणखी मागितली.

धाकट्याने कोंकणीत सांगायचं, हे पटलं. त्याला आत्ता फक्त सुंदर अक्षरात दोन-तीन ओळी बघून लिहायला देईन. मोठीसाठी मर्फीच्या पुस्तकातला एकेक धडा तोंडी, उदाहरणं मी आमच्या घरातली करून घालीन. लेखनाला ‘रायटिंग विथ ईझ’ची पद्धत आणि उतारे एनसीईआरटीचे.

श्रुतलेखनाबाबत मात्र एक विचारायचं राहिलं. त्या संचात वरच्या पातळीला उतारा ठरावीक वेळाच वाचून दाखवायचा असतो आणि मुलाने तो लक्षात ठेवून लिहायचा. मराठीत तिला दोन लांब वाक्यं सहज जमतात, इंग्रजीत एक आखूड वाक्यही अर्ध्यावर निसटतं. मग वय बघून पातळी घ्यायची की निसटतं तिथून, म्हणजे अगदी पहिलीच्या पातळीपासून? आणि पहिलीचे उतारे दहा वर्षांच्या मुलीला बाळबोध वाटले तर काय करता? फोंडा-माशेल भागात कुणाकडे पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीचं पुस्तक असेल तर चाळायला मिळेल का? मी येऊन घेऊन जाईन.